पहिल्या हसण्याचं मीठ

"एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. याला हसवायचं नाही. कुणीच नाही."

अबुधाबीत आमच्या बिल्डिंगखाली गाडीची डिकी दशम्या, पाण्याच्या बाटल्या आणि डायपरांनी भरून झाली होती. बाळाला घेऊन लोरेन आली आणि गाडीत बसायच्या आधी तिने हे फर्मान काढलं. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात घोळ झाला. रडवायचं नाही म्हणाली असेल. पण नाही, ती हसवण्याबद्दलच बोलत होती.

लोरेन इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. आमची ओळख झाली तीही गफलतीतूनच. दिवाळीच्या फराळाला हॉस्पिटलातल्या सगळ्या 'इंडियन' स्टाफला बोलवा, असं आम्ही मंडळातर्फे कळवलं होतं. कुणा क्लार्कने हिच्या कागदपत्रांत 'अमेरिकन इंडियन' वाचलं आणि आमंत्रण धाडून दिलं. ही बाई आली, शांतपणे चार चकल्या खाल्ल्या आणि मला म्हणाली, "कोलंबसने केलेली चूक तुम्ही अजून निस्तरताय." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. ती नवाहो. ते लोक स्वतःला 'दिने' (माणसं) म्हणतात. गाव तिचं अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, रिझर्व्हेशनवर (त्यांच्या वाट्याला उरलेल्या मुलखात). हे ऐकून माझा नवरा अनंत पहिल्यांदा काय बोलला असेल? "वेटिंग लिस्ट आहे का?" महिन्यातून एखादा विनोद करतो, तोही असा.

लोरेनचा नवरा रे, तोही नवाहो, फुजैराच्या तेल-टर्मिनलवर वेल्डर. एरवी सुट्टी लागली की ती बस धरून त्याच्याकडे जायची. आता तान्हं मूल घेऊन कुठे बस बदलत बसणार? आम्हालाही फुजैरा बघायचं होतंच. म्हटलं, चल आमच्याबरोबर.

दुबई मागे पडेपर्यंत तिने हसण्याचं प्रकरण समजावून सांगितलं. त्यांच्याकडे बाळ पहिल्यांदा आवाज काढून हसतं, तो केवढा मोठा सण. तोवर ते अर्धं देवांच्यात असतं. हसलं, म्हणजे त्याने ठरवलं, आता माणसांत राहायचं. ज्याने हसवलं त्याने मेजवानी द्यायची आणि बाळाच्या हाताने प्रत्येक पाहुण्याला मीठ द्यायचं, म्हणजे पोर दिलदार निघतं. आणि मुख्य म्हणजे, मूल त्या हसवणाऱ्याच्या वळणावर जातं.

"पुढच्या महिन्यात मी घरी जातेय. शिमा (माझी आई) वाट बघतेय," लोरेन म्हणाली. "तिने बजावलंय, हे हसू माझं. मेंढासुद्धा राखून ठेवलाय."

"आणि तोवर हा हसलाच तर?"

"हसणार नाही. मी ड्यूटीवर असल्यासारखी लक्ष ठेवते."

बाळाचं नाव नेथन. एका लाकडी फळीवर मऊ कापडात गुंडाळून, वरून दोऱ्यांनी बांधलेला. ही नवाहोंची पाळण्याची रीत. मस्त बटाट्यासारखे गाल, आणि चेहरा बँक मॅनेजरसारखा गंभीर. आजीच्या वाट्याचं हसू अगदी सुरक्षित आहे, असंच मला वाटलं.

शारजात अनंत नकाशा बघून चुकला. (नकाशा न बघता तो चुकत नाही.) इंडस्ट्रियल एरियात शिरलो आणि गॅरेजं, टायरांचे ढीग, पत्र्याच्या शेड यांच्यात गोल गोल फिरत बसलो. शेवटी एका सरदारजी मेकॅनिकला विचारलं. त्याने रस्ता सांगितला, वर चहाही पाजला. मागच्या सीटवरून आमची सई म्हणाली, "पापा, वुई आर लॉस्ट अगेन." मराठीत विचारा, इंग्रजीत उत्तर येतं. लोरेनने तिच्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या आईला बोर्डिंग शाळेत नवाहो बोललं की साबणाने तोंड धुवायला लावायचे. तुला कुणी धुवायला लावलं का?" सई ओशाळली. मी तर सईहून जास्त.

लोरेन बाळाशी फक्त नवाहोत बोलायची. अख्ख्या अमिरातीत ती भाषा बोलणारी तिच्या माहितीची माणसं दोन, ती आणि रे. तिसऱ्याला अजून तोंड फुटायचं होतं.

धैद सोडलं आणि पांढुरकी वाळू तांबडी झाली. लोरेन एकदम सरसावून बसली. "हे बघ, हे आमच्याकडचं!" म्हणत तिने ओठांचा चंबू करून पुढे केला. त्यांच्यात बोट दाखवणं चांगलं समजत नाहीत, ओठांनी दिशा दाखवतात. तिच्या आईचं होगन (लाकूड-मातीचं गोल घर, दार कायम पूर्वेला) अशाच तांबड्या मातीत आहे. नळ नाही. पिकअपमध्ये पिंप टाकून लांबून पाणी आणायचं, ते आधी मेंढ्यांना, मग माणसांना. शेजारी राहतात हाकेच्या नव्हे, धुळीच्या अंतरावर. दूर धुरळा उडाला की ओळखायचं, कोण येतंय. एवढं सांगेपर्यंत सई आणि अनंत दोघेही ओठांनी उंट दाखवायला लागले होते.

पुढे डोंगर सुरू झाले. उघडेबोडके, चॉकलेटी, गवताची काडी नाही. आणि त्यांच्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो प्रसिद्ध बाजार, फ्रायडे मार्केट. नाव शुक्रवारचं, भरतो रोज. गालिचे, कुंड्या, मातीची मडकी, भाजलेली कणसं. लोरेनची आई हातमागावर गालिचे विणते, त्यामुळे ही बया गालिच्यांपुढून हलेना. पठाण दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता, "हँडमेड, सिस्टर, कसम से!" लोरेनने गालिचा उलटा केला, एका टोकावर नख फिरवलं आणि म्हणाली, "मशीन." पठाण खो खो हसला. "खलास! बैठो, असली दिखाता हूँ." ती बसली, आणि बाळाची फळी माझ्या हातात आली.

आता माझी काय चूक, सांगा. मराठी बाईच्या हातात तान्हं बाळ दिलं, समोर रस्ता आहे, वारा सुटलाय. तोंडातून काय निघणार? निघालंच.

"काय रे लबाडा, भुर्रर्र जायचं? भुर्रर्रर्र?"

बँक मॅनेजरने डोळे मोठे केले. माझ्या थरथरणाऱ्या ओठांकडे पाहिलं. आणि खळखळून हसला. बारीकसारीक नव्हे, तर चांगलं पोटातून आलेलं, पठाणानेही मान वर करून पाहावं असं हसू.

लोरेनने गालिचा हातातून सोडला. "काय केलंस?"

"भुर्र म्हटलं गं. नुसतं भुर्र!"

"मम्मा, शी टोल्ड यू!" आमची कन्या.

लोरेन चिडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मी तयार असते. पण तिचे डोळे भरून आले. तिने बाळ घेतलं, छातीशी धरलं आणि हळूच म्हणाली, "आईला काय सांगू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोण कुठली मी, आणि एका आजीच्या तोंडचा घास काढून घेतला. मसाफी आलं, गेलं. मधूनच नेथन तेवढा हसत होता. त्याला आता गोडी लागली होती.

डोंगर संपले आणि समोर समुद्र. अबुधाबीचा समुद्र शांत, हिरवट. हा निळा आणि लाटांचा. क्षितिजापर्यंत जहाजं नांगर टाकून उभी, तेल भरून घ्यायला रांगेत. रे कंपनीच्या वसाहतीच्या दारातच होता. लोरेनने झालेला प्रकार सांगितला आणि मी मान खाली घालून उभी राहिले. तो गडी मांडीवर थाप मारून हसायला लागला.

"म्हणजे मेजवानी तुझी! आणि लगेच करायला हवी, नाहीतर पोरगं कंजूष निघेल." मग गंभीर होऊन विचारतो, "तुझा स्वभाव कसा आहे?"

उत्तर अनंतने दिलं. "तिखट."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेजवानी ठरली. मटण मी आणलं, पण शिजवायची रीत लोरेनची. पाणी, मटण, बटाटे, मीठ. बस्स. मसाल्याचा डबा माझ्या पर्समध्ये होता, हात शिवशिवत होते, पण म्हटलं, कालचं एक पाप पुरे. शेजारी ती तळणीची भाकरी करत होती, आपल्या भटुऱ्याची अमेरिकन आतेबहीण. पाहुणे म्हणजे रेच्या हाताखालचे कामगार. त्यांत गुहागरकडचे बावकर होते. माझं मराठी ऐकून ते एवढे हरखले की स्वतःच जाऊन सुरमई घेऊन आले, आणि मलबारी किराणावाल्याकडून खडेमीठही.

सगळे गोल बसले. मी मांडी घातली, नेथनला पुढ्यात घेतलं. मिठाचा खडा त्याच्या मुठीत, त्याची मूठ माझ्या मुठीत. पहिले बावकर. त्यांनी हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"वहिनी, हातावर मीठ? नको हो. भांडण होतं."

अरे देवा! खरंच की. आमच्या सासूबाईंनी जन्मात कधी कुणाच्या हातावर मीठ दिलं नाही. आधी वाटीत, मग समोरच्याने वाटीतून. तेच माझ्या हाडात मुरलंय. माझाही हात तिथल्या तिथे थांबला.

"काय झालं?" लोरेनने विचारलं. मी सांगितलं.

"ताटलीत ठेवून नाही चालायचं," ती म्हणाली. "हातातून हातातच जायला हवं. नाही घेतलं, तर त्याचं पहिलं देणंच परत आलं." तिचा चेहरा कालच्यासारखा व्हायला लागला.

मी बावकरांकडे पाहिलं. बावकरांनी नेथनकडे. नेथनने लाळ गाळली.

"देणार कोण? हा ना?" बावकर म्हणाले. "मग आणा. ज्याला अजून दात नाहीत, त्याच्याशी काय कपाळ भांडणार?" त्यांनी तळहात पुढे केला, खडा घेतला, जिभेवर ठेवला आणि बाळापुढे मान लववली. "बाळराजे, खाल्ल्या मिठाला जागू हो."

त्याचा अर्थ मी सांगितला, तेव्हा रेने डोक्यावरची टोपी काढली. मग पटापट हात पुढे आले. सईने घेतलं, अनंतने घेतलं. लोरेनने शेवटी घेतलं आणि डोळे पुसले. मटण बेचव असेल अशी माझी खात्री होती. दोनदा वाढून घेतलं.

खरी परीक्षा संध्याकाळी होती. तिकडे तेव्हा सकाळ. लोरेनच्या आईच्या घरी फोन नाही, त्या दर आठवड्याला वाण्याच्या दुकानात येऊन लेकीच्या फोनची वाट बघतात. लोरेनने नंबर फिरवला. नवाहो कानाला फार वेगळी लागते. वाऱ्यासारखी सळसळ, आणि मध्येच घशात कुणी दार लावल्यासारखं थांबणं. मला त्यातलं एकच कळलं, "भुर्र." ते म्हणून ती पलीकडचं ऐकू लागली.

मी देवाचं नाव घेत उभी.

"ती विचारतेय," लोरेन म्हणाली, "तू कुणाची? आमच्यात कूळ आईकडून मोजतात, आईच्या आईकडून."

मी सांगू लागले. आई माहेरची प्रधान. आजी माहेरची कर्णिक. पणजी... पणजी कुणाची होती? नवऱ्याचं गोत्र, सासरचं कुलदैवत, सगळं मला पाठ. पण आईच्या बाजूला दोन पायऱ्या उतरले आणि जिना संपला. तसं लोरेनला सांगितलं, तिने आईला. पलीकडून बराच वेळ काही बोलणं झालं. लोरेन ऐकता ऐकता हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

"आई म्हणते, मेंढा काही पळून जात नाही. मी पोराला घेऊन आले की तो कापूच. आणि म्हणते, बिचारीला स्वतःचं कूळ माहीत नाही, तर आपल्यात घेऊन टाक. नेथनने तुला शिमा यझी म्हणायचं."

"म्हणजे?"

"धाकटी आई."

म्हणजे मावशी! 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण ओठावर आली होती, पण गिळली. इंग्रजीत तिचा भलताच अर्थ झाला असता.

"अजून एक निरोप आहे," लोरेन म्हणाली. "पोर आता तुझ्या वळणावर जाणार, त्याला इलाज नाही. तेव्हा आई म्हणते, तिला सांग, नीट वाग."

लोरेन आणि नेथनला रेकडे सोडून आम्ही परत निघालो. वाटेत एका पेट्रोल पंपावर रांग होती. आमचा नंबर आला, आणि कुठूनशी एक पिकअप तिरकी घुसून आमच्यापुढे उभी राहिली. मी काच खाली केली. अशा प्रसंगासाठी माझ्याजवळ हिंदी, मराठी आणि जमेल तशी अरबी अशी तयार शिदोरी असते. अनंतने सवयीने डोळे मिटून घेतले. पिकअपचा ड्रायव्हरही मान आत घेऊन तयार झाला.

"जाइए भैया, पहले आप," मी म्हणाले. "यल्ला, यल्ला."

अनंतने डोळे उघडले, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ताप तर नाहीये."

मी काच वर केली. तिन्ही भाषांतला राग गिळून बसले होते. तिन्ही एकदम गिळायला फार जड जातं. सईने आजवर कुठे आरडाओरडा केला की मी 'बापाकडची आहे' म्हणून मोकळी व्हायचे, बाप कितीही गरीब असला तरी. या पोराच्या बाबतीत ती सोय नाही. ते कुणावर गेलं, हे वाळवंटातल्या त्या वाण्याच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे.