कोल्ह्याच्या चालीबद्दल माझं मत

आजकाल मला कोणी विचारलं, "अमुक मालिका कशी वाटली?" तर मी "बरी आहे" म्हणते आणि विषय बदलते. माझी मुलं वैतागतात. "आई, तुला स्वतःचं मत म्हणून काही आहे की नाही?" आहे ना, बाबांनो. चिक्कार आहेत. चौदाव्या वर्षी तर मी मतांचं दुकानच उघडलं होतं. त्या दुकानातलं एक मत मी असं काही विकलं, की तेव्हापासून त्या प्रकाराचीच मला धास्ती बसली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही यशवंतपूरला राहायचो, घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली आम्ही, वर भाडेकरू. आजोबांच्या वेळेपासून बेंगळुरात, त्यामुळे आमच्या मराठीला कन्नडची फोडणी. "स्वल्प सरक ग", "सरी, येते मी" हे आम्हाला मराठीच वाटायचं. वडिलांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, अक्का. मीही अक्काच म्हणायचे. अक्का तेव्हा अठ्ठावीसची होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि त्याबद्दल रोज एकदा तरी ऐकून घ्यायची.

अक्का कार्टूनच्या स्टुडिओत कामाला होती. परदेशी मालिकांची चित्रं तिथे हातानं काढत. म्हणजे असं, की पाय उचललेला कोल्हा आणि पाय टेकलेला कोल्हा ही दोन मुख्य चित्रं दुसरं कोणी काढणार, आणि त्या दोहोंच्या मधली चार-पाच चित्रं अक्का काढणार. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून, दिवसभर मान मोडेस्तोवर. घरात या नोकरीला 'कोल्हे काढणं' म्हणत. "काय ग, आज किती कोल्हे काढलेस?" अण्णा विचारायचे, आणि आई हसू दाबायची.

कोल्हा टपाल वाटायचा. बर्फातलं एक गाव, खांद्यावर पिशवी, आणि प्रत्येक भागात एक पत्र पोचवायचं. रविवारी सकाळी केबलवर हिंदीत लागायची ती मालिका. आता माझं खरंखुरं मत सांगते, तेव्हा सांगितलं नाही म्हणून. हिंदी आवाज असह्य होता, सर्दी झालेला माणूस बोलतोय असा. सुरुवातीचं गाणं भिकार. पण गोष्टी चांगल्या होत्या. एका भागात पाकिटावरचा पत्ता बर्फाच्या पाण्यानं पुसला गेलेला असतो, आणि पाकीट फोडून नाव बघणं त्याला बरं वाटत नाही, म्हणून तो दारोदार विचारत हिंडतो. ते बघताना मी ढसाढसा रडले होते. शेजारी अक्का बसली होती. ती टीव्हीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि अशी काही खूश झाली होती की विचारू नका.

त्याच भागात तो लाकडी पुलावरून जातो. "आता बघ हं, ही चाल माझी," अक्का म्हणाली. सहा सेकंदांत पूल संपला. त्या सहा सेकंदांत कोल्हा जरा धक्के खात चालतो, हे मला दिसलं, आणि का ते अक्कानं सांगितलंही. खर्च वाचवायला वरून निरोप आला होता, चित्रं निम्मी करा म्हणून. उरलेल्या निम्म्यांत चाल सांभाळायची म्हणून ती दोन आठवडे त्या पुलावर बसली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगून ठेवते, म्हणजे मागाहून मला माझीच कीव यायला नको.

त्या जूनमध्ये वरच्या घरात पुण्याचं कुटुंब आलं. वडील कॉम्प्युटरवाले, रोज कंपनीच्या गाडीनं पार व्हाइटफील्डला जायचे. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आली. काय तिचं बोलणं! शब्द कसे धुऊन इस्त्री केलेले. मी "बरं"च्या जागी "सरी" म्हटलं की ती हसायची. "आत्याला अक्का काय म्हणता ग तुम्ही? किती गावठी!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तिच्या मागे मागे मी शेपटीसारखी. कारण तिच्याकडे कॉम्प्युटर होता, आणि त्या कॉम्प्युटरवर तो भुताचा गेम.

डोंगरावरचं ओसाड आरोग्यधाम. एक नर्स हातात टॉर्च घेऊन खोल्या उघडत जाते, आणि जे रुग्ण केव्हाच घरी जायला हवे होते ते तिथेच असतात. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की पडदे ओढून आम्ही खेळायला बसायचो. या गेमबद्दल माझं मत तेव्हाही चांगलं होतं, आजही आहे. उगाच किंचाळ्या नाहीत, रक्ताची रंगपंचमी नाही. नर्सचा श्वास ऐकू यायचा आणि बुटांचा आवाज. तेवढ्यावर आमची बोबडी वळायची.

एका शनिवारी मी जेवायला येईना म्हणून अक्का वर बोलवायला आली आणि आमच्या मागे उभी राहिली. पडद्यावर लांब बोळातून एक रुग्ण चालत येत होता. आम्ही दोघी किंचाळलो. अक्का मात्र पुढे वाकली. "थांब थांब, मागे जा. परत येऊ दे त्याला." तीनदा तिनं त्याला यायला लावलं. मग म्हणाली, "मधली चित्रं गाळलीत बघ यांनी. आत्ता पाय इथे, एकदम तिथे. मधलं आपलं डोकं भरून काढतं, आणि डोकं काही चांगलं भरत नाही. म्हणून भीती वाटते." एवढं बोलून "आमटी निवतेय ग" म्हणत खाली गेली.

पुण्याची मुलगी म्हणाली, "भारीच आहे की तुझी आत्या. काय करते?"

"काही नाही," मी म्हटलं. "घरीच असते."

का म्हटलं? कोल्हे काढते म्हणायची लाज वाटली. पुण्याची मुलगी कोल्ह्याच्या मालिकेला 'बंडल' म्हणायची ना.

आमच्या मराठी मंडळाचं दर गणपतीत एक हस्तलिखित निघायचं. छापील नाही. एकच प्रत, जाड कागदावर, आणि शेवटच्या शनिवारी सगळ्यांसमोर त्याचं वाचन. टोपणनावानं लिहायचं आणि वाचनानंतर फक्त बक्षीस मिळालेल्यांची नावं जाहीर करायची, अशी रीत. आलेला मजकूर एका हातानं सुवाच्य उतरवून काढायचं काम गेली सहा वर्षं अक्काकडे होतं, कारण तिच्यासारखं अक्षर अख्ख्या मंडळात नव्हतं. पण त्या वर्षी तिनं नाही म्हणून कळवलं होतं. स्टुडिओत परीक्षा होती. पास झाली तर मुख्य चित्रं काढणाऱ्यांत बढती, त्यासाठी आधी सहा महिने चेन्नईला शिक्षण. अण्णा काही केल्या हो म्हणत नव्हते. "कोल्हे काढायला आता परगावी जाणार? आणि लग्न?" जूनपासून ती त्यांच्या विनवण्या करत होती. रोज जेवणं झाली की सरावाला बसायची, तिची बोटं शिशानं काळी झालेली असायची. इतकं काही तिनं आयुष्यात मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

हस्तलिखितात मुलांसाठी 'माझं मत' असं सदर होतं. पुण्याची मुलगी म्हणाली, "एकाची आरती ओवाळ, एकाची बिनपाण्यानं कर. गेम आणि तो कोल्हा!" मला कल्पना जाम आवडली. लिहायला बसले तर हात थांबेना. गेमच्या स्तुतीत अक्काचं वाक्य घातलं, मधल्या चित्रांचं, जसंच्या तसं, जणू मलाच सुचलं. आणि कोल्ह्याबद्दल लिहिलं: 'पुलावरून हा प्राणी चालतो की त्याला कोणी दोरीनं ओढतं, समजत नाही. ज्या हातांनी ही चाल काढली, त्यांनी त्यापेक्षा पापड लाटावेत. निदान ते तरी गोल होतील.'

पूलच का घेतला? कारण नेमकं काहीतरी लिहायचं होतं, आणि नेमकं मला तेवढंच माहीत होतं. अक्का वाचायचीच नाही या वर्षी, वाचनाच्या दिवशी टोपणनावाआड कोण ओळखतंय, असा हिशेब. एवढी अक्कल पाजळली मी.

गणपतीला दहा दिवस असताना मंडळाचे सेक्रेटरी काका स्वतः घरी आले. ज्यांच्याकडे काम दिलं होतं त्या बाई माहेरी बेळगावला गेल्या होत्या, वडील आजारी म्हणून. "अक्का, तूच वाचव आता," म्हणत त्यांनी कागदांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवला. नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं. माझं अक्षर ती ओळखणारच, मला ग म भ न तिनंच गिरवायला लावलं होतं. गठ्ठा तिच्या टेबलावर पडून होता, त्यातून दोन कागद उपसायला कितीसा वेळ? पण पुण्याची मुलगी रोज विचारायची, "दिलंस ना? तूच जिंकणार बघ." मी हात लावला नाही. आठ दिवस अक्का लिहीत होती, आणि आठ दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती नेहमीसारखीच बोलायची. "दूध घे. केस विंचर." मला वाटलं, तिनं माझं पान गाळलं असेल. देव पावला म्हणायचं.

वाचनाच्या शनिवारी सकाळी अण्णांनी चहा पिता पिता एकदम सांगून टाकलं, "जा बाई, दे परीक्षा. सहा महिने तर सहा महिने." अक्का पोहे परतत होती. तिनं नुसतं "हं" केलं. एवढ्या विनवण्यांनंतर नुसतं "हं"! अण्णा आईला म्हणाले, "हिचं काय बिनसलंय?" काय बिनसलंय ते मला त्या क्षणी कळायला हवं होतं.

दुपारी हॉल गच्च भरला. काकांनी माझं पान उघडलं आणि वाचायच्या आधी सगळ्यांना दाखवलं. तिनं गाळलं नव्हतं. एक शब्दही बोथट केला नव्हता. तिच्या त्या देखण्या अक्षरात माझा सगळा विखार ओळीनं उतरला होता, आणि समासात चित्र होतं: कोल्हा पापड लाटतोय. पिशवी खुंटीला अडकवलेली, बाह्या वर सारलेल्या. लोक चित्र बघूनच हसायला लागले. पापडाचं वाक्य आलं तेव्हा तर छप्पर उडालं. अण्णा मांडीवर थाप मारून हसले, आणि मधेच थांबले. कोल्हा कोणाचा हे त्यांना आठवलं असावं. अक्का बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती. तीही हसत होती, सगळे हसतात तशी.

पहिलं बक्षीस मला. नाव जाहीर झालं, उठून उभं राहावं लागलं. पुण्याच्या मुलीनं शिट्टी मारली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही.

घरी आल्यावर अक्का दाण्याचं कूट करायला बसली आणि म्हणाली, "अण्णा, सोमवारी मी नाही जात परीक्षेला."

"अग, सकाळीच तर हो म्हटलं मी!"

"हो, पण नको."

अण्णा माझ्यावर हात उगारून आले. अक्का मधे पडली. "तिला कशाला? तिला मत विचारलं, तिनं सांगितलं." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग असता तर मी तरले असते. "माझं काम तूच तर बघतेस घरात. अण्णांनी एक भाग धड पूर्ण बघितला नाही. तू सगळे बघितलेस, दोन-दोनदा. तुला जे दिसलं ते खरंच असणार. चाल जमली नाहीच. मला वाटत होतं जमली."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यावरून पुण्याच्या मुलीची हाक आली, "येतेस ना ग? आरोग्यधामाचा वरचा मजला उघडलाय!" मी अक्काकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि चपला घालून वर गेले. त्या दिवशी गेममध्ये आम्ही खूप पुढे पोचलो.

परीक्षा सोमवारी साडेआठला होती. म्हणजे माझ्या हातात अख्खा रविवार होता. 'अक्का, मी खोटं लिहिलं', एवढंच म्हणायचं होतं. दोनदा मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ती कपड्यांच्या घड्या करत होती. पण खोटं लिहिलं म्हटलं की का लिहिलं ते सांगावं लागणार, मला तुझी लाज वाटते हे सांगावं लागणार, आणि ते मला जमेना. मी पाणी पिऊन परत आले.

सोमवारी सकाळी पावणेनऊला अक्कानं माझी वेणी घातली, डबा भरला, आणि म्हणाली, "पळ, उशीर होईल." मी डबा घेतला आणि शाळेत गेले.