बऱ्हाणपूर, अकरा वर्षं उशिरा

बऱ्हाणपूरला जायचं मी आपणहून ठरवलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला तिकडे धाडलं यमाजीबाबांनी, तेही एका साध्या प्रश्नाने.

मी नगरकडच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत उपदेशक आहे. रविवारी उपासना, बाकीचे दिवस शाळा. लोक मला मास्तर म्हणतात. गेल्या महिन्यात मी धीर धरण्यावर बोललो. त्या विषयावर माझी एक हुकमी गोष्ट आहे, बऱ्हाणपूरच्या सारूबाईची. नवरा वारलेला, आसपास दुसरं ख्रिस्ती घर नाही, तरी ही बाई देवाची मूठ कशी सोडत नाही, ती गोष्ट. ही मूठ म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या बायका रोज दळायला धान्य घेतलं की त्यातली एक मूठ देवाच्या नावाने वेगळ्या मडक्यात टाकतात. उपकारस्तुतीच्या सणाला ते मडकं आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये येतं, त्यावर प्रार्थना होते आणि धान्य गरजूंना वाटतात. सारूबाईची गोष्ट मी किती गावांत सांगितली असेल याची गणती नाही. बायका पदर डोळ्यांना लावतात आणि माझं प्रवचन रंगतं.

त्या रविवारी उपासना आटोपल्यावर यमाजीबाबा काठी टेकत जवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, ती बाई अजून हाये का?"

मला ते माहीतच नव्हतं.

खरी हकिकत अशी. अकरा वर्षांपूर्वी मी वर्षभर बऱ्हाणपुरात नेमणुकीवर होतो. सारूबाईचा नवरा तिथल्या सूतगिरणीत कामाला होता, आमच्याच नगरकडचा. तो तापाने गेला तेव्हा त्याची माती मीच केली. पुढे माझी बदली झाली, तिथली प्रार्थनेची खोलीही बंद झाली. निघताना सारूबाईला म्हटलं, माहेरी चला. ती म्हणाली, कबर इथे आहे, मी कुठे जाऊ? मग मी तिला मुठीचं व्रत घालून दिलं आणि वर ऐटीत सांगितलं, "उपदेशकाने प्रार्थना केल्याशिवाय या धान्याला हात लावायचा नाही. देवाचं झालं ते आपलं नाही. दर वर्षी मी स्वतः येईन." असा नियम कुठेही नाही. मी तरुण होतो आणि जरबेने बोललं की उपदेश पक्का बसतो अशी माझी समजूत होती.

पहिली तीन वर्षं नाताळच्या सुमाराला तिचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. मूठ साठली आहे, केव्हा येता? पहिल्या वर्षी मला खरीच अडचण होती. दुसऱ्या वर्षी सांगायपुरतं कारण होतं. तिसऱ्या वर्षापासून नुसती लाज होती, आणि लाजेचं असं की ती दर वर्षी वाढते. पुढे कार्डं थांबली. मी मात्र गोष्ट सांगत राहिलो.

असो. नगरहून बऱ्हाणपूरला जायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागते. तिथे पाच तास काढायची तयारी ठेवा आणि बाकावर जागा मिळाली तर उठू नका. माझ्या बायकोने, शांतेने, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती दोन दिवस पुरली. भुसावळला चहा चांगला मिळतो, पण गाडी सुटायच्या घाईत तो तोंड पोळून प्यावा लागतो. भुसावळ सोडलं की तापीचा पूल लागतो. मग रावेर येईपर्यंत दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस आणि मध्येच केळीचा एखादा हिरवागार तुकडा. खिडकीशी बसून मी सारूबाईपुढे काय बोलायचं ते पाठ करत होतो. 'सारूबाई, मी दाविद मास्तर. माझं चुकलं.' एवढंच, पण ते बऱ्याच तऱ्हांनी म्हणून पाहिलं. समोर कापसाचे एक दलाल बसले होते. ते बराच वेळ माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते.

"कोर्टात साक्ष आहे वाटतं?" त्यांनी विचारलं.

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"मग घाबरू नका. पहिलं वाक्य खरं बोललं की पुढचं आपोआप येतं." एवढं बोलून ते डबा सोडून जेवायला बसले.

बऱ्हाणपूरचं स्टेशन गावात नाही, लालबागेत आहे. तिथून गाव कोस-दीड कोस. टांगेवाला आठ आणे मागतो, चार आण्यांत येतो. उतरायला गावात धर्मशाळा आहेत, पण तिथे आधी जात विचारतात, म्हणून मी स्टेशनाजवळच्या मुसाफिरखान्यात सामान ठेवलं. जागा स्वच्छ आहे, ढेकूण थोडे आहेत.

लालबागेहून निघालं की जमिनीत एका ओळीत विहिरींसारखी कुंडं दिसतात. टांगेवाल्याने चाबकाने दाखवलं. "बाबूजी, ये सब अंदर से जुडी है. पहाड का पानी है, बादशाह के जमाने से चल रहा है. ऊपर सूखा पडे तो भी नीचे चलता रहता है." ऐकलं मात्र, माझ्या डोक्यात लगेच प्रवचन तयार. वरून कोरडी जमीन, खालून वाहतं पाणी, श्रद्धावंताचं जीवन! शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत तीन मुद्देही काढून झाले होते. मग आपण कशाला आलो आहोत ते आठवलं आणि स्वतःचाच राग आला. ज्याला त्याला प्रवचनात कोंबायची ही खोड जात नाही.

चौकात गरम जिलेबी मिळते, माव्याची, काळसर आणि जाड. तुम्ही गेलात तर जरूर खा. मी अर्धा शेर बांधून घेतली, कारण रिकाम्या हाताने जायचा धीर होत नव्हता.

राजपुऱ्यात वेशीच्या आतल्या अंगाला विणकरांची गल्ली आहे. दोन्हीकडून मागांची खटखट ऐकू येते. सारूबाईचं नाव घेतल्यावर एका पोरीने सरळ दार दाखवलं, म्हणजे बाई होती. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिथूनच परत फिरावंसंही वाटलं.

ती दाराशीच रहाटावर कांड्या भरत बसली होती. माग चालवणाऱ्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायच्या, हाच तिचा चरितार्थ. डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता, पण धागा तुटला की बोटं बरोबर तिथे जाऊन गाठ मारत होती. तिथल्या तीस वर्षांत तिची बोली पुरती बऱ्हाणपुरी झालेली.

"कोन आहे?" तिने विचारलं.

"मिशनातून आलोय, नगरहून."

तिचा रहाट थांबला. "नगरहून! बसा, बसा भाऊ. पानी घ्या आधी. मले डोळ्यानं दिसत नही, मानूस आहे एवढं समजते." मी टेकलो. मग तिने विचारलं, "दाविद मास्तरनी धाडलं का तुमाले?"

ते पहिलं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. भुसावळपासून घोकलेलं.

"हो," मी म्हणालो.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "ते विसरनारे नही."

एवढ्यात शेजारची बाई तांब्याभर ताक घेऊन आली. द्वारकाबाई तिचं नाव. नवरा कचेरीत कारकून, घर देवधर्माचं. सारूबाईला ती मावशी म्हणते. कार्डं तिच्याच नवऱ्याने लिहिली होती, हे मला तिथे कळलं. मी मिशनातून आलो म्हटल्यावर ती जागची हललीच नाही.

"तुमच्या त्या मास्तरले एक सांगा," ती म्हणाली. "चार वर्षाखाली पाऊस पडला नही. बाजारात दादर मिळेना. अन् ही बाई घरात रांजन भरून ठेवून आमच्याकडच्या कण्या खात होती, त्या बी एक टाइम. मी म्हटलं, मावशी, तुझ्या घरात ज्वारी आहे ना! तर म्हने, मास्तरनी प्रार्थना केल्याबिगर हात लावता येत नही. त्या साली हिचे पाय सुजले होते भाऊ. कसा मानूस आहे हो तो?"

मी ताकाचा घोट घेतला.

"द्वारका, असं बोलू नही," सारूबाई म्हणाली. "रस्ता लांब आहे. त्याइले बी संसार आहे, काही अडचन आली असंल. मी एकटी होती तवा त्याइनीच मले सांगितलं, मूठ सोडू नको. ती मूठ होती म्हून तर मी रोज उठली." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "रोज मूठ टाकताना मी त्याइचं नाव घेते. देवा, मास्तरले सांभाळ, त्याइचे पाय थकू देऊ नको."

अकरा वर्षं रोज सकाळी माझ्यासाठी प्रार्थना होत होती, आणि माझे पाय जागचे हलले नव्हते.

आतल्या खोलीत तीन रांजण होते, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून तोंड मातीने लिंपलेले. आम्ही ते उघडले. अलीकडच्या वर्षांचा रांजण चांगला निघाला. दादर म्हणजे तिकडची पांढरी, टपोरी ज्वारी, हातात घेतली की जड लागते. दुसऱ्यात अर्ध्याला कीड होती. सगळ्यात जुन्या रांजणात हात घातला तर नुसतं करडं पीठ आणि कुबट वास. द्वारकाबाईने नाकाला पदर लावला. ज्या वर्षांत मला आधी अडचण आणि मग नुसतं कारण होतं, त्या वर्षांचं धान्य ते.

सारूबाईने डोक्यावर पदर घेतला आणि वाट बघू लागली. अर्पणाची प्रार्थना मी शेकडो वेळा केली आहे, झोपेतही म्हणेन. पण 'तुझ्या दासीने विश्वासाने' इथे मी अडलो आणि पुढचं काही येईना. तिला वाटलं, मी प्रवासाने थकलो. तिने हळूच पुढची वाक्यं म्हटली आणि आमेनही तिनेच म्हटलं.

गल्लीत निरोप गेला. बायका सुपं, टोपल्या घेऊन आल्या, मुसलमान विणकरांच्या, हिंदूंच्या, सगळ्यांच्या. सारूबाई उंबऱ्यात बसून चाचपून चाचपून प्रत्येकीच्या सुपात धान्य ओतत होती आणि आवाजावरून नाव ओळखत होती. इतका खूश चेहरा मी आमच्या कुठल्या सणाला पाहिला नाही. खराब झालेलं धान्य द्वारकाबाईने कोंबड्यांसाठी नेलं. धुतलेल्या मडक्यात सारूबाईने दुसऱ्या दिवसासाठी लगेच पाला घालून ठेवला.

निघताना तिने माझ्या हातात एक लहान पिशवी दिली. "ही दादर मास्तरले द्या. म्हना, सारूबाई रागावली नही. म्हना, धीर सोडू नका."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी नुसती पिशवी घेतली.

द्वारकाबाई टांग्यापर्यंत आली. "भाऊ, तुमी तुमचं नाव नही सांगितलं," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"गाडी चुकेल," मी म्हणालो. गाडीला अजून तीन तास होते. ते मी लालबागेच्या फलाटावर काढले. आणलेली जिलेबी द्यायची राहिली होती. ती तशीच पिशवीत होती, पाक सुटून कागद भिजला होता.

घरी येऊन आठ दिवस झाले. शांता दळायला बसली तेव्हा मी तिला दादरची पिशवी दिली आणि सगळी हकिकत सांगितली, त्या 'हो'सकट. तिने ऐकून घेतलं, जातं थांबवलं आणि पिशवी परत माझ्यापुढे ठेवली. "ही मी दळणार नाही," ती म्हणाली. "ही दाविद मास्तरांना दिलेली आहे. त्यांना अजून पोचली नाही."

या रविवारी मी प्रवचनात ती गोष्ट सांगितली नाही. यमाजीबाबांना मात्र बाहेर गाठून म्हटलं, "बाबा, ती बाई आहे." ते म्हणाले, "बरं झालं. तुमाला बघून लई आनंद झाला आसंल." मी मान हलवली. म्हणजे तिथेही तेच केलं.

हे लिहायला घेतलं तेव्हा शेवटी तुम्हा वाचकांना विनंती करणार होतो, की कोणी बऱ्हाणपूरला गेलात तर राजपुऱ्याच्या वेशीतून आत जा, विणकरांच्या गल्लीत सारूबाईचं घर कोणीही दाखवेल, आणि तिला सांगा की आला होता तो दाविद मास्तरच होता. शांतेने ते वाचलं. म्हणाली, "लोकांना कशाला पाठवता? पुन्हा दुसऱ्याच्याच पायांनी?" तिचं खरं आहे. शिवाय त्या कुंडांतलं पाणी, जिलेबी, टांग्याचं भाडं हे सगळं मी तुम्हाला सांगू शकतो, पण ते एक वाक्य माझ्याऐवजी कोणी बोलू शकत नाही.

गुरुवारची गाडी आहे. शांतेने धपाट्यांचं पीठ भिजवलं आहे आणि दादरची पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवली आहे, मी विसरू नये म्हणून. सारूबाईचं वय झालं आहे, आणि अकरा वर्षं मी कुठल्या हिशेबाने घालवली ते मला आता कळत नाही. ती असली तर या वेळी उंबऱ्यातच नाव सांगायचं, बसायच्या आधी, पाणी घ्यायच्या आधी.