फोटोतल्या दोन वेण्या

आमच्या ठाण्यात हरवलेल्यांच्या फायली हेड कॉन्स्टेबल पेंचलय्याकडे. गाव देवाच्या डोंगराखालचं. नवसाला हजारो माणसं येतात, केस देतात, त्यातली चार-दोन रोज हरवतात. "बाकीचे चोर पकडून बढती घेतात. मी आपला ‘तपास चालू आहे’ लिहितो," असं तो चिडून म्हणायचा.

निवृत्तीला महिना उरला तरी ओबुलम्माची फाईल मिटेना. चौदा वर्षांपूर्वी तिची मुकी पोर, सहा वर्षांची चेंचम्मा, गर्दीत हरवली. बाई दरवर्षी त्याच दिवशी कडप्प्याहून यायची. "अय्या, काही कळलं?" "नाही अम्मा." की निघाली परत.

एकदा वैतागून त्यानं फाईल आपटली. फोटो बाहेर पडला: परकर, दोन वेण्या, त्यांत अबोलीचा गजरा.

"वेंकटरमणा, ही बाई तक्रार द्यायला आली, तेव्हा तिचं डोकं कसं होतं रे?"

"चकोट. इथं सगळ्यांचंच असतं," मी म्हटलं.

"आणि पोरीचं?"

मी फोटो उचलून पुन्हा पाहिला. आईबरोबर पोरीनंही केस दिलेच असणार. रोज मुंडण बघणारे आम्ही, विचारायचं सुचलंच नाही. आणि तिला वाटलं, यात सांगायचं काय? वर्णन मी मेल्यानं फोटोवरूनच उतरवलं होतं. चार जिल्ह्यांत आम्ही वेण्या शोधत हिंडलो.

फोनच्या नोंदींची जुनी वही काढली. पोर हरवल्याच्या तिसऱ्याच दिवशी शेजारच्या ठाण्याचा फोन होता: मुका मुलगा सापडलाय, सहाएक वर्षांचा, मुंडण केलेला. खाली माझ्याच अक्षरात शेरा: ‘आपला नाही.’ मुलगा नसून मुलगी आहे, हे पुढं अनाथाश्रमात कळलंही असेल. आम्हाला कळवणार कोण? आश्रम नऊ वर्षांपूर्वी बंद पडलेला, कागद पुरात गेलेले. पेंचलय्या पंधरा दिवस कचेऱ्यांचे उंबरे झिजवून हात हलवत परतला.

"तिला सांगू नकोस," मी म्हटलं. "आता काय उपयोग?"

"गप बस. अक्कल आपण गहाण ठेवायची, आणि वाट तिनं बघायची?"

ओबुलम्मा आली. त्यानं उभं राहून सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"चौदा वर्षं मी देवाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आश्रमाचा पत्ता द्या."

"अम्मा, तो बंद पडलाय. मी जाऊन आलो."

"असू दे. शेजारीपाजारी असतील. तुम्हाला विचारता येत नाही, अय्या. मी विचारते."