राहिलेली नक्कल

गोव्यातला पोरगा लिहितोय म्हटल्यावर समुद्र येणार असं वाटलं असेल. नाही येणार. आमच्या पेडण्याच्या आतल्या अंगाला काजू, शेत आणि नदी, संपलं. मी गावातला नकल्या, हे कळल्यावर आता हसायला मिळणार असंही वाटेल. ते मिळेल. त्या दिवशीही मिळालं सगळ्यांना. सगळ्यात आधी मीच हसलो.

गुरुवार होता. आमच्याकडे बिरेस्तार म्हणतात. आमच्या आरोग्य केंद्रात मनाचा डॉक्टर फक्त बिरेस्तारी यायचा. कोविड आला तसा त्याला दुसऱ्याच ड्युटीवर घातला. लॉकडाऊन उठल्यावर कधी यायचा, कधी नाही. आला की नाही हे विचारायला केसपेपरच्या जनेलात तोंड घालावं लागे. जनेल म्हणजे खिडकी. ती पण एवढीशी, माणसाला वाकायला लावणारी.

मी वाकलो. आई माझ्या मागे. मास्कमधून जेवढं हळू विचारता येईल तेवढं हळू विचारलं. जनेलातला माणूस ओरडला,

"पिशांचो डॉक्टर आज येवचो ना!"

पिसो म्हणजे वेडा, येवचो ना म्हणजे येणार नाही. अख्खी लाइन वळली. तापवाले, कुत्रा चावलेले, सगळे. आईनं मास्क वर ओढला, पार डोळ्यांपर्यंत.

आत मेजापाशी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, आमचा भाटकार बसला होता. ज्याच्या जमिनीत आमचं घर, तो भाटकार. आई त्याच्याच काजूत राबते. केंद्राच्या समितीवर होता, त्याला कसली लाइन? चहा पीत होता. त्यानं मान वाकडी करून जनेलातून बघितलं.

"कोण गो? तू? तुका कसलां पिशें लागलां?"

मी पटकन म्हणालो, "नाय नाय, बीपी. बीपी तपासूक आयलंव."

"बीपीक पिशांचो डॉक्टर?" तो हसला. जनेलातला हसला. आणि मीही हसलो. खरंच हसलो. भाटकार हसला की आपण हसायचं, हे आमच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं.

"रे नकल्या," भाटकार म्हणाला, "घरात काय करता ती? करून दाखय बघू."

माझं कसंय, 'करून दाखव' कानावर पडलं की अंग आपोआप सुरू होतं. हेडमास्तरांची चाल, पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू, फेरीबोटीची घरघर, सगळं मला येतं. शाळेत त्याच्यावर मार खाल्ला आणि त्याच्यावरच भाव खाल्ला. तर मी केलं. सगळ्यांसमोर, आई मागे उभी असताना. उजवा हात पुढे धरला, हात धुवायचा साबू घेतल्यासारखं केलं, घासला. परत घासला. नखात, बोटांच्या बेचक्यात, मनगटापर्यंत. मध्येच हात डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आईसारखा. परत घासला.

लाइन हसली. कुत्रा चावलेला मनुष्यसुद्धा हसला. भाटकारानं डोळे पुसले. आणि मग जनेलातल्याला सांगू लागला, एकदम शुद्ध मराठीत,

"आमच्या बाईसाहेबांना पण लॉकडाऊनपासून जरा स्ट्रेस आहे. झोप लागत नाही त्यांना. डॉक्टर काल घरी येऊन गेले."

कोण डॉक्टर, ते मी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं. जो आमच्यासाठी येवचो ना, तोच.

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. मग बाहेरच बघत म्हणाली,

"त्या शाळेत माझ्या बाजूच्या खाटेर एक बाय होती. दुपारभर पाणी मागी होती. उठू नका, कोणाक हात लावू नका, असां आमका सांगितलेलां. तांब्यो माझ्या ह्या हाताकडेच होतो. मी दिलंय नाय. सांजेक तिची खाट पुसून घेतली."

आईला कोविड झाला तेव्हा तिला गावच्या शाळेत ठेवलं होतं. माझ्या सातवीच्या वर्गात. ज्या फळ्यापुढे मी हेडमास्तर व्हायचो, त्याच फळ्याखाली ती बाई पाणी मागत होती. घरी आल्यापासून आई एकच हात का धुते, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी नुसता बघत होतो. नकल्याची नजर. कुठून घासते, किती वेळ घासते, सगळं पाठ. का घासते, ते नाही.

त्या हाताची नक्कल केली मी. भाटकाराच्या चहाबरोबर तोंडी लावायला.

आई परत केंद्रात गेली नाही. पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं तर दोन बस बदलायच्या, आणि काजूचा एक दिवस बुडवायला भाटकाराची परवानगी. परवानगी मागायची तर कारण सांगायचं. कारण सांगितलं की परत पिशें. हाताची सालं निघाली, मीठ लागलं की ती कळवळायची. घरी कोण आलं तर पाणी मी द्यायचो. तिच्या हातून तांब्या उचललाच जात नव्हता.

बाईसाहेबांना स्ट्रेस. माझ्या आईला पिशें. झोप दोघींची गेली. एकीला डॉक्टर घरी, दुसरीला जनेलातून बोंब. हे मनात घोळवत मी वर्ष काढलं. आवाज मात्र घोटत होतो. दोन्ही, भाटकाराचा आणि जनेलातल्याचा.

पुढच्या चतुर्थीला देवळाच्या मंडपात भाटकाराचा सत्कार ठेवला. महामारीत गावासाठी झटला म्हणून. शाल, नारळ, सगळं. सत्कार झाल्यावर त्यानंच माईकवर सांगितलं, "आमच्या नकल्याक बोलवा रे, जरा हसूया."

गेलो. आधी पदेराचा भोंपू वाजवला, पोरं खूश. मग फोन धरल्यासारखा हात कानाला लावून भाटकार झालो. "डॉक्टर, आमच्या बाईसाहेबांना जरा स्ट्रेस आहे हो. तुम्ही घरीच या. केंद्रात? छे, तिथे कोण असतं!" मंडप हसला. मग खाली वाकलो, दोन हातांचं जनेल केलं आणि त्यातून ओरडलो, "पिशांचो डॉक्टर आज येवचो ना!" परत स्ट्रेस. परत पिशें. परत स्ट्रेस. तिसऱ्या खेपेला हसू थांबलं. बायकांच्या बाजूला कोणीतरी पदर तोंडाला लावला. भाटकार म्हणाला, "पुरे." मी त्याच्याच आवाजात म्हणालो, "पुरे." कोणीतरी माईक बंद केला.

देवळाच्या समितीचे एक काका मंडपाबाहेर मला खायला उठले. "ज्याच्या जमिनीत रवतंस, त्याची नक्कल? देवासमोर?" मी म्हटलं, "काका, तुमचीपण येता माका. करू?" ते गेले.

घरी आलो तर आई दारात उभी. मला वाटलं, पाठीवर हात फिरवील. बायकांच्या मागच्या रांगेत बसून तिनं सगळं बघितलं होतं.

"शाणो झालंस?" ती म्हणाली. "जनेलातल्याची केलंस. भाटकाराची केलंस. टाळ्यो घेतलंस. आणि त्या दिवशी माझो हात करून दाखवणारो एक होतो, त्याची नक्कल खंय गेली? ती येना नाय तुका? आणि बीपी कोणाक झालां रे? माका? माझां दुखणां लपवूक तुका कोणी सांगितलां? परवा बिरेस्तार. जनेलात तोंड मी घालतलंय. नाव मी सांगतलंय, आणि कशाक आयलंय तांपण, मोठ्यान. डॉक्टर नसलो तर फुडच्या बिरेस्तारी, नाय तर त्याच्या फुडच्या. तू माझ्या फाटी उभो रवायचंस. आणि परत हसलंस, तर सगळ्यांसमोर थोबाडीत मारीन. ह्याच हातान."