इरल्याखालचे पाय

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आमच्या वाडीत ज्याला त्याला काहीतरी दिसायचं... कुणाला ओढ्याकाठी हडळ, कुणाला पिंपळावर मुंजा. मी म्हणायचो, अरे, मलाच कसं कुणी भेटत नाही? मी काय त्यांचं घोडं मारलंय? लोक म्हणायचे, सायबाच्या नोकरीनं पोरगं शेफारलं. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, यात हडळ नाही, अमावस्या नाही, स्मशानातली मध्यरात्र तर मुळीच नाही. जे झालं ते भर उन्हात, बंगल्याच्या अंगणात, सकाळचा चहा झाल्यावर झालं.

बंगला लोणावळ्यात, खंडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला होता. साल एकोणतीस-तीसच्या आसपासचं. मी तिथे हॉर्टन साहेबाकडे बटलर होतो. साहेब रेल्वेतून रिटायर झालेला, मडम वारलेली, मूलबाळ नाही. त्याच्या वयाचे बाकीचे गोरे पेन्शन बांधून विलायतेला निघून गेले, हा गेला नाही. कारण जाणार कुठे? विलायतेत त्याच्या पूर्वजांचं एक मोठं थोरलं घर होतं. पुढे कुणीतरी ते विकलं, आणि घेणाऱ्याने सरळ पाडून टाकलं. राहिली ती त्याची चित्रं. काही साहेबाच्या आत्यांनी पेन्सिलीने काढलेली, आणि बरीचशी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली, शंभर वर्षांपेक्षाही जुनी. घर समोरून, घर मागून, तळं, तबेले. आणि त्या घरात राहिलेली माणसं... केसांचा टोप घातलेला एक जज्ज, पंखा घेतलेली बाई, दोघी बहिणी आणि त्यांच्यात मिळून एक कुत्रं, चाक फिरवणारा एक मुलगा, जो पुढे लवकरच गेला. व्हरांड्यापासून जेवणाच्या खोलीपर्यंत सगळ्या भिंती या मंडळींनी भरलेल्या होत्या.

लोणावळ्याचा पाऊस ज्याने काढलाय त्याला सांगायला नको, चपलेला बुरशी येते तिथे कागदाचं काय! म्हणून दरवर्षी पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधी चित्रं उन्हं खायला निघायची. फ्रेमची पाठ उघडायची, कागद अलगद बाहेर घ्यायचा, अंगणात चादरीवर कोवळ्या उन्हात ठेवायचा आणि मऊ फडक्याने बुरशी टिपायची. साहेब वेताच्या खुर्चीत बसून, हे कोण, ते कोण, सांगायचा. दरवर्षी तेच, त्याच क्रमाने. शेवटी म्हणायचा, "ये सब हमारा लोग." आम्ही माना डोलवायचो.

या कामाला मी माझ्या वहिनीला आणायचो. तिचं नाव पारू, हात फार हलका. आमची वाडी कान्हे स्टेशनाजवळ, तिथून ती भल्या सकाळी गाडीने यायची.

आता माझ्या थोरल्या भावाबद्दल सांगतो. महादू त्याचं नाव. पहिल्या महायुद्धात तो लामावर, म्हणजे लढाईवर गेला, शिपाई म्हणून नाही, खेचरं हाकायला. लहानपणी त्याच्या उजव्या पायावर बैलाने पाय दिला होता, तेव्हापासून तो पाय बाहेरच्या अंगाला फाकलेला. चिखलात माग दिसला की वाडीतलं कुणीही सांगायचं, इथून म्हादू गेला. असल्या पायाचा माणूस पलटणीत कोण घेणार? पण खेचरांमागे घेतला. तिकडे इराकात बसऱ्याला उतरल्याचं कळलं, आणि मग एकदा सांगावा आला की माणूस बेपत्ता आहे. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही. वहिनीच्या लग्नाला तेव्हा दोन पावसाळे झाले होते. ती तशीच राहिली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून.

ज्या वर्षी मी तिला चित्रांच्या कामाला पहिल्यांदा आणलं, तेव्हाची गोष्ट. तिच्यापुढे घराच्या मागच्या कुरणाचं चित्र होतं. लांब ते घर, मध्ये तळं, दोन हरणं, आणि अलीकडे कोपऱ्यात गवताची एक लहानशी गंजी. फडकं फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

"भाऊजी, ह्यो कोन हितं?"

"कोण? गंजी आहे ती गवताची."

"गंजीला पाय असत्यात व्हय?"

मी वाकून पाहिलं, आणि साहेबाचं भिंग आणून पुन्हा पाहिलं. गंजीखाली दोन पाय होते. अनवाणी, टाचा आमच्याकडे. आणि उजवा पाय बाहेर फाकलेला.

"इरलं हाय त्ये," वहिनी म्हणाली. "वाकलाय. लावणी करतोय."

ज्यांनी इरलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं विणून ते करतात, पावसात भाताची लावणी करताना डोक्यावरून पाठीवर घेतात. वाकलेला माणूस मागून पाहिला तर माणूस दिसतच नाही. दिसते एक गंजी, आणि खाली पाय.

मी चित्र उचललं. साहेबाला विचारलं. तो भिंगातून पाहून हसला. म्हणाला, ही गंजी मी लहानपणापासून बघतोय, पाय कोरणाऱ्याने गमतीने काढले असतील. हे चित्र म्हणजे आमच्या आज्याच्याही आधीचं! मी वहिनीला तसं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल," ती म्हणाली. "पर उभा हाय न्हवं? पडल्याला न्हाई."

त्यानंतर दरवर्षी ती ते चित्र शेवटी घ्यायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. फडकं फिरवताना ओठ हलायचे. गाय व्यायली, शेजारची म्हातारी गेली, भात बरा आला... वर्षाच्या सगळ्या बातम्या. मी चिडवायचो, "काय म्हणतोय दादा?" ती म्हणायची, "पाठ करूनच हाय. लावणी झाल्याबिगर वळायचा न्हाई." आणि हसायची. ती हसते हेच मला पुष्कळ वाटायचं, म्हणून मी पुढे काही बोलत नसे.

पण घरी आमचे वडील, आबा, आजारी पडले. दर पितृपक्षात ते महादूच्या नावाने घास ठेवत आणि कावळा शिवत नसे. घास दिवसभर वाळत पडायचा. आबा त्याच्याकडे बघत ओट्यावर बसायचे. ते एकच म्हणत, "म्हाद्या मधीच आडकलाय."

आमच्याकडे रीत आहे, बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा बाहुला करून त्यालाच देह मानायचं आणि अग्नी द्यायचा. मग माणूस सुटतो. आणि त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात.

महादूला बारा वर्षं उलटून गेली त्या वर्षी आबांनी सगळ्यांना बसवून विषय काढला. "मला जायाचं हाय रं शिवा," ते मला म्हणाले. "पर पोरगा वाटंत बसल्याला, आनि बाप म्होरं कसा जाईल?"

वहिनी दाराआडून बोलली. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नसे. "मामंजी, त्यो हाय. म्या बगितलाय."

"कुटं?"

"सायबाच्या भितीवर."

कुणीतरी हसलं. एक म्हातारी चुकचुकली, बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. आबा मात्र हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हय रं? हाय त्यो तितं?"

पाय मीही पाहिले होते. पण ते चित्र साहेबाच्या आज्याच्या आधीचं होतं, हेही खरं होतं. मी तेवढंच सांगितलं. आबांनी मान हलवली आणि भटजींना निरोप धाडला.

संध्याकाळी मी वहिनीची समजूत घालायला गेलो. म्हटलं, "वहिनी, गवताचा बाहुला तो. गवत जळेल, दुसरं काय?"

"त्ये मला नगा सांगू, भाऊजी," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

विधी इंद्रायणीच्या काठी झाला. नारळाचं डोकं, दर्भाचं अंग, वर पळसाची पानं. भटजींनी महादूच्या वापरातलं काहीतरी आदल्या दिवशीच मागून ठेवलं होतं. घोंगडी उंदरांनी कधीच खाल्ली होती. तेव्हा आबा दोघांच्या खांद्यावर हात टाकून चुलीपाशी गेले आणि आढ्याला टांगलेलं महादूचं इरलं काढून घेतलं. इतकी वर्षं चुलीच्या धुराने काळं पडलेलं आणि वाळून खडखडीत झालेलं. ते बाहुल्यावर उपडं घातलं. मग मी अग्नी दिला.

झटक्यासरशी पेटेल असं वाटलं होतं. पण आधी पांढरा दाट धूर निघाला, लावणीच्या दिवसांत ओली पानं चुलीत घातली की निघतो तसा, आणि इरल्याच्या कडेने पाणी सुं सुं करून उकळलं. मी म्हटलं, नदीकाठची ओल असेल. पेटलं मग. बायकांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या. ती रडली नाही. पिंडाला कावळा लगेच शिवला, आम्ही हात मागे घेतो न घेतो तोच. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी इतका मोकळा पाहिला नव्हता.

थोड्याच दिवसांत चित्रांना ऊन द्यायची वेळ आली. मी वहिनीला म्हटलं, यंदा नको येऊस. ती आली. मोकळं कपाळ पाहून साहेब खुर्चीतून उठला आणि डोक्यावरची टोपी काढून जरा वेळ तसाच उभा राहिला.

ते चित्र तिने नेहमीप्रमाणे शेवटी घेतलं. फ्रेमची पाठ उघडली, कागद बाहेर काढला.

"भाऊजी."

तिचा आवाज ऐकून मी हातातलं टाकून धावलो. चित्रात घर होतं. तळं होतं, दोन्ही हरणं होती. कोपऱ्यात गवत होतं. नुसतं गवत. जिथे गंजी होती तिथे काडीला काडी लागून बाकीच्या कुरणासारखंच कोरलेलं गवत. मी बोट फिरवून पाहिलं. खरवडलेलं नाही, फाटलेलं नाही, बुरशीचा डागही नाही.

साहेब भिंग घेऊन आला. "इधर था," तो म्हणाला. "हम बच्चा था, तब से था." मग म्हणाला, बुरशीने खाल्लं असेल. मग म्हणाला, चित्रच दुसरं असेल, आणि खाली कोपऱ्यात लहानपणी त्यानेच पाडलेला शाईचा ठिपका त्याला दिसला. एकदम उठून तो बाकीच्या चित्रांवर गेला. जज्ज, पंखेवाली बाई, बहिणी, चाकवाला मुलगा... एकेकावर भिंग धरून बघत होता, आपली माणसं जाग्यावर आहेत ना. सगळी होती. पण त्या दिवशी ऊन पुरतं व्हायच्या आत त्याने सगळी चित्रं परत भिंतीवर चढवायला लावली.

वहिनी त्या एका चित्राजवळ बसून होती. मला म्हणाली, "सायबालाबी दिसत व्हता न्हवं त्यो?"

"हो."

"मंग व्हता." कागद मांडीवर घेत म्हणाली, "इतकी वर्सं परमुलकात पावसात उभा राह्यला. आनि आपुन त्याला तितनंबी उटवला."

मग तिने गवतात एका जागी बोट ठेवलं. मी भिंग धरलं. दोन बारीक पांढरे ठिपके होते, गवत न उगवलेले. एक सरळ, एक बाहेर फाकलेला.

आबा दिवाळीच्या आत गेले. शेवटी हसून म्हणाले, "म्हाद्या म्होरं गेला, आता मी निगतो." त्यांना शांती मिळाली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि वहिनी त्यानंतर कधी हसली नाही, हेही पाहिलंय. दोघांचाही जीव त्या एकाच माणसात होता. कुणाला चूक म्हणायचं ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

स्वराज्याच्या आदल्या वर्षी साहेब वारला. त्याआधी ते चित्र त्याने मला दिलं. म्हणाला, "ये तुम्हारा आदमी का है." वहिनी दरवर्षी त्याला ऊन द्यायची. फडकं फिरवायची, पण ओठ हलत नसत. फक्त त्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवून बघायची आणि म्हणायची, "न्हाई उगावलं अजून."

मी एका ड्रॉइंग मास्तरांना चित्र दाखवलं, एका फोटोग्राफरला दाखवलं. दोघे म्हणाले, छापतानाच ठिपके राहिलेत, गंजी तुमच्या मनातली. असेलही. गंजी पाहिलेली तीन माणसं होती, त्यातला मी एकटा उरलोय. मला याचा उलगडा झालेला नाही आणि आता व्हायचाही नाही.

वहिनीला जाऊन बरेच पावसाळे झाले. चित्र माझ्या खोलीत आहे, भिंतीकडे तोंड करून. बुरशीने आत काय केलं असेल देव जाणे. दर दसऱ्याला मी फडकं घेऊन त्याच्यापुढे बसतो. भुताखेतांना न भिणारा माणूस मी... पण त्या फ्रेमची पाठ उघडायला माझा हात होत नाही. तिथे गवत उगवलेलं असलं तर? किंवा त्या ठिपक्यांशेजारी आणखी दोन पाय असले तर, बाईमाणसाचे?