पिल्लं उडेपर्यंत

ढोंगी माणसाला आपल्याकडे बगळा म्हणतात. पाण्यात एका पायावर उभा राहून ध्यान लावतो आणि मासा दिसला की गट्ट करतो, म्हणून. मला या बोलण्याचा राग येतो. बगळा मासे खातो हे तो कुणापासून लपवत नाही. ज्यांनी हे बोलणं रूढ केलं त्यांनी बगळ्याला घरटं बांधताना पाहिलं नसावं, आणि मला मिळाली तशी शेजारीणही त्यांच्या वाट्याला आली नसावी.

मी नागपुरात धंतोलीत राहते. आमच्या गल्लीत घरं कमी आणि दवाखाने जास्त. त्यातल्याच एका दवाखान्यात मी पेशंटची नावं लिहून घ्यायला बसते. माझ्या गच्चीला लागून शेजारच्या आवारातली मोठी चिंच होती. आवार ताईचं. ताई माझी सख्खी बहीण नव्हे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा विरजण मागायला पहिल्यांदा तिच्याकडे गेले, तेव्हापासून मी तिला ताई म्हणते. ती मला नुसतं ‘अवं’ म्हणून हाक मारते. पुढे आधी तिचा, मग माझा नवरा गेला, माझी मुलगी सासरी गेली, आणि संध्याकाळचा चहा आम्ही दोघी माझ्या गच्चीवर घेऊ लागलो. तिथून चिंचेचा शेंडा हाताच्या अंतरावर होता.

बगळे पावसाळ्यात यायचे. जास्त करून गायबगळे, एरवी म्हशीच्या पाठीमागे किडे टिपत फिरतात ते. विणीच्या दिवसांत त्यांच्या डोक्यावर आणि छातीवर केशरी रंग चढतो, हळद लागल्यासारखा. थोडे पांढरेशुभ्र छोटे बगळेही असत, काळ्या पायांना पिवळे मोजे घातलेले. नर काडी आणून द्यायचा आणि मादी ती घरट्यात खोचायची. न आवडलेली काडी ती टाकून द्यायची. शेजारचं जोडपं जरा दूर गेलं की त्यांच्या घरट्यातली काडी उपसून आपल्यात लावायची. हे पहिल्यांदा ताईनं पाहिलं आणि हसून हसून तिचा चहा सांडला. ‘‘पाह्य वं, शेजारीच चोर,’’ ती म्हणाली होती.

मी दवाखान्यात रिकाम्या वेळी मोबाइलवर बगळ्यांबद्दल वाचायचे आणि संध्याकाळी ताईला सांगायचे. अंडी फिकट निळसर असतात. नर-मादी पाळीपाळीनं उबवतात. अंडी एकदम फुटत नाहीत, पहिलं पिल्लू सगळ्यांत दांडगं होतं आणि शेवटच्याला चोची मारून उपाशी ठेवतं. हे ऐकून ताईला वाईट वाटायचं. ती घरट्याकडे बोट करून मोठ्या पिल्लाला शिव्या द्यायची. पिल्लं थोडी मोठी झाली की आईबाप दोघंही सकाळी चाऱ्याला जातात, पार कन्हान नदीकडच्या धानाच्या बांध्यांपर्यंत जात असतील, आणि उन्हं चढल्यावर झाडावर मोठे बगळे फार थोडे उरतात. हेही मीच सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं, आणि मला वाटलं, पक्ष्यांची गोडी लागलेली आणखी एक बाई गल्लीत झाली.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, की बगळ्यांच्या झाडाखाली राहणं सोपं नसतं. खाली पांढऱ्या विष्ठेचा सडा पडतो. अर्धवट गिळलेले बेडूक, मासळीचे तुकडे, कधी मेलेलं पिल्लू. पावसात त्याचा जो वास सुटतो तो नाकात घर करून बसतो. ताईनं खालच्या खोल्या पेशंटच्या नातेवाइकांना भाड्यानं दिल्या होत्या. भिवापूर, गडचिरोली, यवतमाळ, कुठून कुठून लोक येतात, ऑपरेशनला आठ-पंधरा दिवस राहावं लागतं. बिचारे अंगणात दोरीवर कपडे वाळत घालायचे आणि तासाभरात पुन्हा धुवायचे. गेल्या पावसाळ्यात दोन बिऱ्हाडं वासाला कंटाळून मागच्या गल्लीत निघून गेली.

त्याच पावसाळ्यात गल्लीतली माणसं ताईच्या ओसरीवर जमली. औषधाच्या दुकानवाल्याची गाडी रोज रंगायची. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना रोगराईची धास्ती. सगळ्यांचं एकच, फांद्या छाटा. झाडावर तेव्हा अंडी फुटत होती. मी उभी राहून बोलले, आणि माझा आवाज चिडला की चिरकतो, तसा चिरकला. म्हटलं, आता छाटाल तर पिल्लं खाली पडून मरतील, कोजागिरीपर्यंत थांबा, तोवर ती उडून जातील, मग खुशाल छाटा. दुकानवाला म्हणाला, झाड तुमचं नाही. तेव्हा ताई उठली.

‘‘झाड माह्या आवारात आहे ना? मंग मी सांगतो. पिल्लं उडेपर्यंत या झाडाले कुऱ्हाड लागणार नाही.’’

आमच्याकडे बायाही कधी कधी अशा ‘सांगतो’ म्हणतात. मला तिचा इतका अभिमान वाटला की त्या रात्री मी घरी साधं पिठलं न करता पाटोड्यांची भाजी केली आणि वाडगाभर तिला नेऊन दिली. गल्ली गप्प बसली. दिलेल्या शब्दाला अजून किंमत आहे असं मी चारचौघांत म्हणत फिरले.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन बाहुल्या, घराएवढ्या उंच, वाजतगाजत फिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात. वर्षभराची सगळी पीडा त्यांच्याबरोबर जावी म्हणून लोक ओरडत असतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत.’ ज्याला जे नको असेल ते त्यात घालायचं. महागाई घेऊन जा, खोकला घेऊन जा. त्या सकाळी आमच्या गल्लीत दुकानवाल्याच्या पोरांनी ‘बगळे घेऊन जा गे मारबत’ असा गजर लावला होता. मला राग आला. ताई मात्र हसली आणि म्हणाली, ‘‘जाऊ दे वं, लेकरं आहेत. तू चाल माह्यासंग महालात. माह्या भावाच्या गॅलरीतून मारबत समोरच दिसते.’’

ती दर वर्षी विचारायची आणि मी दर वर्षी टाळायचे. मला गर्दी सोसत नाही. त्या दिवशी ती ऐकेचना. दवाखान्याला सुट्टी, घरी तू एकटी, काय करशील, साडी नेस लवकर. ऑटोत बसल्यावर तिनं माझा हात हातात घेतला. महालात गर्दीतून वाट काढताना तो तिनं सोडला नाही. हे मी विसरू शकत नाही.

गॅलरीत तिच्या वहिनीनं कालची पुरणपोळी तुपावर गरम करून दिली. खाली ढोल, गुलाल, पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. काळी मारबत येऊन गेली. मला खरोखर मजा वाटत होती. इतकी वर्षं उगाच टाळलं, असं मी ताईला म्हणालेसुद्धा. मग तिचा फोन वाजला. ती आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा मी पर्स उचलत होते.

‘‘निघते मी, ताई. डोकं धरलं आवाजानं.’’

‘‘आत्ताच काहून? पिवळी येऊन राहिली नं. पिवळी पाहिल्याबिगर कोणी जाते का?’’

मी बसले. पिवळी आली, गेली. मग तिनं चहा सांगितला.

गल्लीच्या तोंडाशी ऑटोतून उतरलो तेव्हा मला आधी उजेड दिसला. माझ्या घराच्या भिंतीवर ऊन पडलं होतं, जिथं भादव्यात कधी पडत नसे. चिंचेच्या फांद्या अंगणात ढीग घालून पडल्या होत्या. मधे नुसतं खोड आणि वर हात तोडल्यासारखे चार ठुणके. पानांच्या ढिगातून आवाज येत होता. पिल्लं भुकेची ओरडतात तसाच, रोजचाच आवाज. कापणारे पैसे घेऊन केव्हाच गेले होते.

मी साडीचा पदर खोचला आणि फांद्या बाजूला करू लागले. बरीचशी पिल्लं मेली होती. जी जिवंत होती त्यांना धरलं की ती घाबरून पोटातलं ओकत होती. एकानं माझ्या तळहातावर दोन टोळ आणि एक बेडकी ओकली, आणि मग त्याच हाताला चोच मारली. मी टोपलीत चिंधी घालून त्यांना ठेवत गेले. दुपार कलली तसे आईबाप परतले. गच्चीच्या कठड्यावर, तारेवर, ताईच्या पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसले. चोचीत, पोटात चारा घेऊन आलेले. खाली टोपलीत पिल्लं ओरडत होती आणि एकही बगळा खाली उतरला नाही. घरट्यातून पडलेलं पिल्लू त्यांच्या लेखी संपलेलं असतं, हे मी वाचलं होतं. तरी मी तारेकडे पाहून त्यांनाही बोलले. त्या घडीला मला सगळेच फितूर वाटत होते.

ताई पायरीवर बसली होती. मी विचारलं, ‘‘काहून केलं, ताई?’’

‘‘खोल्या रिकाम्या पडून राहिल्या वं. मी काय खाऊ? गल्ली रोज येऊन टोकून राहिली.’’

‘‘मले सांगायचं होतं.’’

‘‘तुले सांगतलं असतं तर तू झाडाखाली जाऊन उभी राहिली असती. आणि तुह्या डोळ्यांदेखत कसं कापू? तुले पाहवलं नसतं. म्हणून तं नेलं तुले.’’

ती हे समजुतीच्या सुरात म्हणाली, माझ्यावर उपकार केल्यासारखं. मोठे बगळे कापणाऱ्यांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून उन्हं चढल्यावरची वेळ दिली होती, तेही तिनंच सांगून टाकलं. म्हणजे वेळसुद्धा माझ्याच तोंडून ऐकलेली.

संध्याकाळी पक्षी वाचवणारी दोन तरुण माणसं आली. मीच फोन केला होता. त्यांनी टोपली गाडीत ठेवली आणि विचारलं, फांद्या कशानं पडल्या? ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘वाऱ्यानं पडल्या.’’ मग माझ्याकडे बघितलं. मी तिची, असं ती धरून चालली होती.

‘‘वारा नव्हता,’’ मी म्हणाले. ‘‘कुऱ्हाडीनं पाडल्या.’’

त्या माणसांनी फोटो काढले. पुढे एक सरकारी माणूस येऊन चौकशी करून गेला. त्यातून काय निघालं मला ठाऊक नाही, बहुधा काहीच नाही. पण ताईनं गल्लीभर सांगितलं की मी तिच्यावर उलटले, इतक्या वर्षांच्या शेजाराला जागले नाही. माणसं हळहळलीसुद्धा, तिच्यासाठी. माझा जळफळाट झाला. दगा दिला तिनं आणि नाव माझं. तिच्या खोल्या आता भरलेल्या असतात. दोरीवरचे कपडे पांढरे राहतात.

कित्येक महिने आम्ही बोललो नाही. मग तिला चिकुनगुनिया झाला तेव्हा मी तपासणीचा नंबर लावून दिला, आणि हळूहळू कोथिंबीर, दूध, गॅसचा नंबर एवढं बोलणं सुरू झालं. यंदाच्या पावसाळ्यात बगळे आले. ठुणक्यांवरून दोन-तीन घिरट्या घातल्या आणि निघून गेले. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी स्कूटी काढून त्यांच्या मागावर गेले. बरीच हिंडले तेव्हा सापडले. एका जुन्या झाडावर, दाटीवाटीनं, डोक्यावर केशरी रंग घेऊन, एकमेकांच्या काड्या चोरत. मी झाडाखाली उभी राहून खुळ्यासारखी रडले, आनंदानं.

परवा संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते. ताई खाली अंगणातून वर बघत बराच वेळ उभी होती.

‘‘अवं, यंदा बगळे दिसलेच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कुठं गेले असतीन? त्याइच्याबिगर करमत नाही वं मले.’’

मला वाटतं ती खरंच बोलत होती. तिचा आवाज मला चांगला कळतो. ते झाड कुठं आहे, अंडी फुटली की नाहीत, यंदा पिवळ्या मोज्यांचे किती जास्त आले आहेत, हे सांगायला या शहरात मला तिच्याशिवाय दुसरं माणूस नाही.

‘‘मले काय माहीत,’’ मी म्हणाले, आणि कपडे घेऊन आत गेले.