एकाच कंपनीचं कार्ड घेणारा फोन

हॉस्टेलच्या ऑफिसातल्या अक्कांचं आधी सांगते, मग बाकीचं. त्या नसत्या तर मी नोकरी सोडून गावी गेले असते. अक्का म्हणजे इकडे मोठी बहीण. आम्ही सगळ्या मुली त्यांना अक्काच म्हणायचो. पन्नाशी उलटलेल्या. खोल्यांचं रजिस्टर, सुट्टीचे पास, नळ बिघडल्याची तक्रार, सगळं त्यांच्याच टेबलावर. घर दूर शहरात, तिरुवल्लिकेणीत, मूळ तंजावरकडच्या मराठी माणसांतलं. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चालायची आणि पुष्कळदा माझ्या डोक्यावरून जायची. तरी तमिळ मुलखातल्या या श्रीपेरुंबुदूरमध्ये मला मराठीत रागावणारं कुणीतरी होतं, याचाच मोठा आधार वाटायचा.

माझी शाळा सातवीत सुटली. भाऊ जन्मापासून बहिरा, बोलतही नाही. आई मजुरीला जायची आणि त्याच्यापाशी कुणीतरी हवं होतं. शाळेचं मला फार वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? घरात राहून आम्हा दोघांची हातांची बोली तयार झाली. आईला त्यातलं जेवण, पाणी, ताप, झोप एवढंच येतं. बाकीचं सगळं आम्हा दोघांतच.

कंत्राटदारामार्फत इथल्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं, तेव्हा निघण्याआधी तालुक्याच्या दुकानातून दोन फोन घेतले. एक त्याला, एक मला, अगदी सारखे. गावात एकाच कंपनीचा टॉवर आहे आणि त्याच कंपनीचे हे स्वस्तातले फोन होते. शेजारीच कुठलंही कार्ड घेणारे मोकळे फोन मांडले होते, पण त्यातल्या एकाच्या किमतीत आमचे दोन्ही आले असते. दुकानदाराने मला बजावलं, "ताई, ह्यात फक्त ह्याच कंपनीचं कार्ड. दुसऱ्या कंपनीचं काही म्हणजे काही चालणार नाही. घालून बघाल तर फोन जाम होईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

मला कुणी असं ठासून सांगितलं की मी ते तपासून बघत नाही. तोच माझा स्वभाव.

भावाला रिंग ऐकू येत नाही, म्हणून आमची वेळ ठरलेली. संध्याकाळी सात. तो फोन तांब्याला टेकवून समोर बसायचा आणि दिवसभराचं सगळं नक्कल करून दाखवायचा. शेळीने कुणाचा टॉवेल खाल्ला, सरपंच मोटरसायकलवरून कसे आपटले आणि उठल्यावर आधी इकडेतिकडे कसे बघायला लागले. मी तोंडावर ओढणी धरून हसायची. खोलीतल्या मुलींना वाटायचं, ही मुक्याने कुणाशी हसते?

सहा महिन्यांनी आम्हाला दुसऱ्या हॉस्टेलात हलवलं, पत्र्याच्या मोठ्या गोदामांच्या मागे. अक्काही ऑफिस घेऊन तिथेच आल्या. तिथे माझ्या कंपनीची रेंज नव्हती. खोलीत नाही, जिन्यात नाही, आणि गच्चीला कुलूप. कामावरून आल्यावर गेटबाहेर सोडत नसत. बसमध्ये हमरस्त्यावर रेंज यायची, पण तेव्हा सहा वाजलेले असायचे. भाऊ गुरांमागे आणि फोन घरात.

खोलीतल्या ओडिशाच्या मुलीकडे दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं. तिने फोन दिला. "दीदी, बात कर लो, पर वीडियो मत करना. मेरा नेट खतम हो जाएगा." दिला हेच पुष्कळ. मी सातला लावला. आईने रिंग ऐकली आणि फोन उचलला.

"अगं, हा माझ्या तोंडाकडे बघतोय. काय सांगू ह्याला?"

"सांग, इथे रेंज नाही."

"रेंज हातानं कशी सांगू बाई?"

तीन-चार दिवस असंच चाललं. मला वाटत होतं, काहीच नाही त्यापेक्षा आईशी बोलणं तरी होतंय. पण त्याला काय दिसत होतं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. त्याला दिसत होतं की बहिणीचा फोन येतोय. आई कानाला लावतेय, बोलतेय, डोळे पुसतेय, मध्येच हसतेय. म्हणजे बहीण आहे, फोनही चालू आहे. फक्त त्याला ती तोंड दाखवत नाही.

त्याने जेवण टाकलं. आईच्या हातातून फोन हिसकावून उलटा करून पाहिला. मी घाबरून फोन करणं बंद केलं, तर तो सात वाजले की जाऊन फाट्यावर बसायला लागला. आम्हाला हलवल्याच्या अकराव्या दिवशी दुधाच्या गाडीवाल्याने त्याला तालुक्याच्या रस्त्यावरून उचलून आणलं. एकटाच चालत निघाला होता, चप्पल न घालता.

हे आईने मला सांगितलं तेव्हा मी सहाच्या बसमध्ये होते. हॉस्टेलला उतरले ती तशीच ऑफिसात गेले.

"अक्का, पास द्या. गावी जाते."

"किती दिवस?"

"परत येणार नाही."

अक्कांनी पेन खाली ठेवलं. "कां गे? कशास रडतीस? कोणी काय बोलला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझा फोन मागितला आणि उलटसुलट करून पाहिला. "मग माझ्या फोनचं नेट घे की."

"नाही चालत अक्का. ह्यात दुसऱ्या कंपनीचं काहीच चालत नाही."

"कोण सांगितला?"

"दुकानदार. जाम होईल म्हणाला."

"अय्यो! कार्ड चालत नाही गे. नेट हा हवेतनं घेतो. त्याला काय ठाऊक, हवा कुठल्या कंपनीची? अकरा दिवस बसलीस, एकीला विचारलं नाहीस? आण इकडे. जाम झाला तर होऊ दे."

त्यांनी आधी त्यांच्या फोनवर काहीतरी दाबलं, मग माझ्या. माझ्या फोनवर नेट सुरू झालं. एवढंच होतं. मी खुर्चीचा हात धरून बसले. मला आनंद झाला नाही. अकरा दिवस नुसते डोळ्यांसमोर उभे राहिले.

सातला आईने उचलला आणि त्याला हाताला धरून समोर आणलं. मी दोन्ही हातांनी सांगायला लागले, भराभर, पाया पडल्यासारखी. तो उभ्या उभ्या माझ्या हातांकडे बघत होता. मग वळला आणि बाहेर गेला. समोर राहिली भिंत आणि आईचा अर्धा कान.

"सरी," अक्का म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "उद्या परत."

रोज सातला अक्का ऑफिस उघडं ठेवायला लागल्या. त्यांची शहराकडची बस पावणेसातला सुटते आणि माझ्यापायी त्या ती सोडतात, हे मला वॉचमनकडून कळलं. मग दोन बस बदलून घर गाठायचं. घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. मी म्हटलं, उद्यापासून राहू द्या. तर म्हणाल्या, "गप गे, तुला कोणी विचारलं?"

पाचव्या दिवशी तो बसला. नक्कल नाही, काही नाही. एवढंच विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, हो.

पुढच्या पगाराच्या रविवारी अक्कांनी मला तिरुवल्लिकेणीला बोलावलं. गल्लीतल्या एका दुकानात मोकळा फोन घेतला. कुठलंही कार्ड चालेल ना, असं मी तीनदा विचारलं. "चौथ्यांदा विचार, पाटीवर रंगवून देईल," अक्का म्हणाल्या. नंबर जुनाच ठेवून दुसऱ्या कंपनीत नेला, त्यात आठवडा गेला. मग मी पहिल्यांदा माझ्या खोलीतून, माझ्याच फोनवरून त्याला दिसले.

वाटलं, आता ह्याला पटवून देते. जुना फोन हातात धरून दाखवला, त्याच्याकडे बोट केलं, हा वाईट, ह्याचं चुकलं, माझं नाही. तो बघत राहिला. मग दोन बोटं एकमेकांना चिकटवली आणि त्यातलं एक हळूच दूर नेलं. म्हणजे, आपल्या जोडीतला एक तू टाकलास. मी नाही नाही म्हणत राहिले. कार्ड, कंपनी, टॉवर यांसाठी आम्ही कधी खूण केलीच नव्हती. शेवटी त्याने हो म्हणून मान हलवली. कळलं नाही आणि संपवायचं असलं की परक्या माणसांपुढे तो तशी हलवतो. माझ्यापुढे कधी हलवली नव्हती.

अजूनही तो सातला येतो. बसतो. जेवलीस का विचारतो. फाट्यावर जात नाही, एवढं अक्कांमुळे झालं. बाकीचं मला गावी जाऊन, त्याच्यासमोर बसूनच दुरुस्त करावं लागेल, झालं तर.

अक्कांना विचारलं, तुमचं कसं फेडू? "पो," म्हणाल्या, म्हणजे जा. त्यांची लेक कोइंबतूरला आहे. तिच्या बाळाला अक्कांनी अजून मांडीवर घेतलेलं नाही, कारण स्वतःच्या आईला सोडून जाता येत नाही. त्या आईची वाचा गेलीय आणि शेजारणी दिवसा आळीपाळीने बघतात, पण तिच्यापाशी फार वेळ टिकत नाहीत. न बोलणाऱ्या माणसाजवळ दिवसच्या दिवस बसणं, आणि त्याला काय हवं ते ओळखणं, एवढं एकच काम मी लहानपणापासून शिकलेय. माझी सुट्टी साठली की मी तिरुवल्लिकेणीला जाईन, आईंचं सगळं हाती घेईन आणि अक्कांना कोइंबतूरच्या गाडीत बसवीन. त्या नको म्हणतील. तरी बसवीन.